कंस मोजणारे सर

पहिल्याच दिवशी कँटीनच्या मावशींनी सरांना विचारलं, "चहा किती देऊ?" सर म्हणाले, "शून्य." मावशींना वाटलं, नको असेल. त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या. सर वीस मिनिटं ताठ बसून राहिले, मग उठून काउंटरपाशी गेले आणि मागितलेली वस्तू न देण्याची इथे पद्धत आहे का, असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. हा प्रसंग माझ्या आधीचा. पण मी त्या ऑफिसात रुजू झाले तेव्हा मावशी रोज "शून्य की अर्धा?" असंच विचारत होत्या, हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

सरांच्या लेखी शून्य म्हणजे अख्खं. यात त्यांचा विक्षिप्तपणा अर्धाच, उरलेला अर्धा आमच्या धंद्याचा. आमचं हडपसरचं ऑफिस म्हणजे एका बेकरीच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, जिन्यापाशी मावशींचं छोटं कँटीन आणि सहा माणसं. लोकांनी कसाही लिहिलेला मजकूर घ्यायचा आणि त्यातून हवं तेवढं वेचून काढायचं, हे आमचं काम. त्यासाठी एक साचा लिहायचा: इथे शब्द येईल, इथे आकडा येईल. साच्यातला जो तुकडा हवा असेल त्याला कंस घालायचा. मजकूर साच्यात बसला, की एकेका कंसात जे सापडलं ते कॉम्प्युटर नंबराने हातात देतो. उघडणारे कंस डावीकडून मोजायचे. पहिल्या कंसातलं ते एक नंबर, दुसऱ्यातलं ते दोन. आणि शून्य नंबर मागितला तर साच्यात बसलेला अख्खा मजकूर. हे ज्ञान जगात पुष्कळांना आहे. त्या ज्ञानाने चहा मागणारा माणूस मात्र मी एकच पाहिला.

खडकीला एका कारखान्याच्या भांडारात त्यांनी बत्तीस वर्षं नोकरी केली होती. तिथे प्रत्येक खिळ्याला नंबर. कोणीतरी तिथे एक कॉम्प्युटर आणून ठेवला, कोणी त्याला हात लावेना, म्हणून सरांनी त्याचं पुस्तक घरी नेऊन तीन वेळा वाचलं. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे आले, दोन बस बदलून, हातात कापडी पिशवी घेऊन. सगळे त्यांना समोर सर म्हणत आणि पाठीमागे कंसमामा. त्यांना ते माहीत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की मामा म्हणायचं असेल तर डबा उघडल्यावर आधी मामाला विचारावं.

कंस मोजायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. डावा हात वर धरायचा, पडद्यावर एकेक उघडणारा कंस दिसला की एकेक बोट मिटायचं. कंसाच्या पोटात दुसरा कंस आला, की बोटाची पेरं सुरू. मांडीवर हात असता तर कोणालाही वाटलं असतं, आजोबा जप करताहेत. मध्येच कोणी बोललं तर सगळी बोटं उघडून पहिल्यापासून. एकदा फायर अलार्म वाजला तेव्हा आम्ही सगळे खाली रस्त्यावर पोचलो आणि सर वरच. बेकरीतला पाव करपला होता, एवढंच झालेलं. पण आम्ही धापा टाकत वर आलो तर सर म्हणाले, "अकरा."

माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. मी अकोल्याची, नवीन, प्रोबेशनवर. पहिल्या आठवड्यात त्यांनी एक काम दिलं आणि तासाभराने झालं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "करून राहिली ना सर." सर म्हणाले, "राहा की. पण आधी कर." त्या दिवशी मी स्वच्छतागृहात जाऊन थोडी रडले. बाहेर आले तर माझ्या टेबलावर त्यांच्या डब्यातली अर्धी गुळपोळी होती आणि सर दुसरीकडे बघत बोटं मोजत होते.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "आधी जुळलं का बघ, मग माग." म्हणजे मजकूर साच्यात बसलाच नसेल तर कंसात काही सापडणार नाही, आणि नसलेल्या गोष्टीचा एक नंबर मागितला की प्रोग्राम तोंडावर आपटतो. नवशिके हमखास इथेच मरतात. इथपर्यंत सरांचं बरोबर होतं. पण ते हा नियम रस्त्यावरही पाळायचे. दुकानात शिरून, काउंटरसमोर उभे राहून, ते आधी विचारायचे, "दुकान उघडं आहे का?" एका दुकानदाराने त्यांना वर न बघता सांगितलं, "नाही, मी हवा खायला बसलोय." सर म्हणाले, "मग नंतर येतो," आणि खरंच निघाले. दुकानदाराला उठून मागे यावं लागलं. पुण्यात दुकानदार गिऱ्हाइकाच्या मागे आलेला मी त्या एका दिवशीच पाहिला.

रिक्षावाल्यांना ते पत्ता बाहेरून आत सांगत. आधी शहर, मग भाग, मग रस्ता, मग गल्ली, कंसात कंस. पुण्यातच उभं राहून "पुणे" पासून सुरुवात केल्यावर रिक्षावाला दुसरं काय म्हणणार? एक जण म्हणाला, "काका, भारत राहिला." सरांना तो फार आवडला. आठवडाभर त्याचं नाव काढत होते.

मी रुजू होऊन आठ दिवस झाले नसतील, तोच मला एका अनोळखी नंबरावरून फोन आला. सरांची बायको. त्यांना मी पुढे काकू म्हणू लागले. त्यांनी स्वतःची ओळख करून दिली आणि लगेच मुद्द्यावर आल्या. "तुम्ही यांच्या शेजारी बसता ना? मग एवढं करा, यांना घरी पाठवू नका." निवृत्तीनंतर सर आठ महिने घरी होते आणि त्या आठ महिन्यांत त्यांनी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याला नंबर घातला होता. जिरं म्हणायचं नाही, चार म्हणायचं. पाहुणे बसलेले असताना सर स्वयंपाकघरातून ओरडले, की सात नंबर कालपासून संपलाय, चहा कसा करणार? पाहुणे घाबरून निघून गेले. "मी पस्तीस वर्षं साखरेला साखर म्हणत आले," काकू म्हणाल्या, "आता या वयात मला पाढे नकोत." मी त्यांना शब्द दिला. तेव्हा मला तो फार स्वस्त वाटला.

नंबरांवरून सरांचं आणि आमच्या मालकांचं वाजायचं. मालक पस्तिशीचे, समजूतदार. त्यांचं म्हणणं, की हल्ली कंसांना नंबरांऐवजी नावं देता येतात, ती द्यावीत. पुढे एक कंस वाढला की मागचे सगळे नंबर एकाने सरकतात, नाव मात्र जागचं हलत नाही. सर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, की नाव दिलं की माया लागते आणि माया लागली की तपासणी ढिली पडते. एकदा मालकांनी जरा नेटच लावला. सर नंबर कधीतरी चुकतीलच, असं त्यांच्या तोंडून गेलं. सर उभे राहिले. सहाही माणसं ऐकत होती, मावशीसुद्धा कप गोळा करायच्या थांबल्या. "ज्या दिवशी माझा कंस चुकेल," सर म्हणाले, "त्या दिवशी ही पिशवी उचलीन आणि घरी जाईन." मला काकूंचे डबे दिसले.

हल्ली मी दुसऱ्या कंपनीत आहे, मोठ्या. तिथली मुलं असले साचे यंत्रालाच लिहायला सांगतात आणि यंत्र बिनचूक लिहून देतं. मी तरीही टेबलाखाली बोटं मोजते. कोणी बघितलं तर हात दुखतोय म्हणून सांगते.

आता दिवाळीची गोष्ट. विश्रांतवाडीच्या एक बाई फराळाचा व्यवसाय करायच्या, दहा-बारा बायकांना हाताशी धरून. दिवाळीचे पंधरा दिवस म्हणजे त्यांचं वर्ष. गिऱ्हाइकं फोनवर संदेश पाठवत: पहिल्या ओळीत पदार्थ, दुसरीत वजन, तिसरीत काही सूचना, चौथीत ज्याच्याकडे डबा पोचवायचा त्याचं नाव, पाचवीत पत्ता. सरांच्या साच्यात पाच कंस होते. प्रोग्राम चार नंबरचं उचलायचा, पुढे श्री./सौ. लावायचा, खाली पत्ता टाकायचा आणि डब्यावर चिकटवायची चिठ्ठी छापायचा. तीन दिवाळ्या बिनबोभाट गेल्या.

त्या वर्षी बाईंनी एक वाढीव गोष्ट मागितली. ज्यांना घाई आहे ते सुरुवातीलाच अर्जंट असं लिहितील, त्यांचे डबे आधी जावेत. सरांनी साच्याच्या अगदी पुढे एक नवा कंस घातला. म्हणजे मागचे पाचही एकाने सरकले. सरांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी पत्त्याचा पाच बदलून सहा केला, पदार्थाचा एक बदलून दोन केला, वजन, सूचना, सगळं बदललं. तेवढ्यात मी त्यांना विचारलं, की सर, चहा शून्य सांगू का? ते हो म्हणाले. नावाचा चार तसाच राहिला.

एवढं होऊनही चूक सापडायला हवी होती, कारण सर चाचणी घेतल्याशिवाय काहीच पुढे पाठवत नसत. पण त्यांचा चाचणीचा संदेश वर्षानुवर्षं एकच होता, आणि त्याच्या पाचही ओळींत एकच शब्द होता: चाचणी. कुठल्याही कंसातून काहीही उचललं तरी चाचणीच हाताला येणार. चिठ्ठी छापून आली, "श्री./सौ. चाचणी." सर समाधानाने घरी गेले.

तीन दिवस पुणे शहरात फराळाचे डबे बरोबर पत्त्यावर पोचत होते आणि वर नावाच्या जागी गिऱ्हाइकाची सूचना छापलेली होती. कोथरूडच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या दारात डबेवाला उभा राहिला आणि म्हणाला, "श्री. सौ. कमी तिखट आपणच का?" एक आजोबा होते त्यांच्या डब्यावर होतं, "श्री./सौ. दात नाहीत, चकली मऊ द्या." सोसायटीच्या रखवालदाराने ते इंटरकॉमवर वाचून दाखवलं होतं. ज्यांनी काहीच सूचना दिली नव्हती त्यांच्या नशिबी नुसतंच श्री./सौ. आलं, ते सुटले. खरा घात झाला तो हडपसरातच. एका आईने लेकीच्या सासरी पहिल्या दिवाळीचा फराळ परस्पर पाठवला होता. तिच्या विहीणबाईंच्या हातात जो डबा पडला त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, "श्री./सौ. लाडू मोठे वळा, विहीण नावं ठेवते."

विश्रांतवाडीच्या बाईंचा फोन मी घेतला. त्या रागावल्या नव्हत्या, त्या रडत होत्या, आणि ते ऐकणं जास्त अवघड होतं. मी साचा उघडला. चार कुठे आहे ते मला मिनिटभरात दिसलं. सर त्या वेळी बँकेत गेले होते. मी चाराचा पाच केला, मालकांच्या खोलीत गेले आणि सांगितलं की चूक माझ्या हातून झाली. मालकांनी डोळे मिटून घेतले. माझं प्रोबेशन तीन महिने वाढलं. बाहेर येऊन मी खुर्चीत बसले तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे मी कबूल करते.

एका गोष्टीचा मला विसर पडला होता. आमच्याकडे कोणी कुठली ओळ कधी बदलली याची नोंद आपोआप राहते. सर बँकेतून आले, त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं, आणि त्यांनी मुकाट्याने ती नोंद उघडली. बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"माझी एक वस्तू तुझ्याकडे आहे," ते म्हणाले.

"कुठली, सर?"

"चूक. परत दे."

मी हसायचा प्रयत्न केला. ते हसत नव्हते. म्हणाले, की बत्तीस वर्षं भांडार सांभाळलं, दुसऱ्याची वस्तू कोणी आपल्या नावावर चढवलेली मी चालवून घेतली नाही, तुझी पण घेणार नाही. मला हाताला धरून मालकांच्या खोलीत नेलं आणि माझं वाढवलेलं प्रोबेशन तिथल्या तिथे रद्द करायला लावलं. मालक म्हणाले, ठीक आहे सर, होतं असं. सर म्हणाले, "माझ्याकडून होत नाही." मग म्हणाले, "आधी विहीणबाई."

त्या दुपारी आम्ही दोघं हडपसरच्या जुन्या गावठाणात त्या घरी गेलो. विहीणबाई ओसरीवर बसल्या होत्या, कमरेत किल्ल्या, समोर तो डबा. आत दाराआड त्यांची नवी सून उभी होती, डोळे सुजलेली. सरांनी अंगणात उभं राहूनच विचारलं, "आपण घरी आहात का?" विहीणबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. मग सर बसले आणि त्यांनी डबा पुढ्यात ओढून समजावायला सुरुवात केली. एक लाडू काढून मांडला, हा पदार्थ. दुसरा मांडला, हे वजन. तिसरा सूचना, चौथा नाव, पाचवा पत्ता. मग सगळ्यांच्या पुढे एक चकली ठेवली, हे अर्जंट. आणि चकलीपासून बोटाने मोजत, चौथ्या वस्तूवर थांबले. "ही सूचना. हिला मी नाव समजलो. गिऱ्हाइकाचा यात काही दोष नाही, आपल्या विहीणबाईंनी जे लिहिलं ते फक्त फराळ करणाऱ्यांसाठी होतं."

"म्हंजी चूक तुमची?"

"संपूर्ण," सर म्हणाले. इतक्या ऐटीत मी कोणाला चूक कबूल करताना पाहिलेलं नाही.

विहीणबाईंनी तो सूचनेचा लाडू उचलला, हातात तोलला. "मी नावं ठेवते ह्ये खरंच हाय," त्या म्हणाल्या. "पर तिनं लाडू मोठं धाडलं, म्हंजी भिती मला. ह्ये बरंय." दाराआडून खुदकन हसण्याचा आवाज आला. विहीणबाईंनी मान वळवून सुनेला च्या टाकायला सांगितला आणि ती चिठ्ठी डब्यावरून अलगद सोलून फ्रीजवर चिकटवायला दिली. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ती दाखवत असत म्हणे.

परत येताना मला वाटलं, मिटलं सगळं. सर ऑफिसात शिरले, टेबलाखालची पिशवी उचलली, डबा तिच्यात ठेवला आणि निघाले. मालक जिन्यापर्यंत मागे गेले. कंपनीला तुमची गरज आहे, म्हणाले. मावशींनी तर रागावून बघितलं. सरांनी प्रत्येकाला तेच सांगितलं, शब्द सगळ्यांसमोर दिला होता. मी पडद्याकडेच बघत बसले. मी त्यांच्यासाठी खोटं बोलले आणि ते उघडं पडलं, याची लाज वाटत होती. शेजारची खुर्ची रिकामी झाली. त्या आठवड्यात मला कोणी काही टोचून बोललं नाही, आणि माझं एकही काम वेळेत झालं नाही.

चौथ्या दिवशी काकूंचा फोन आला. यांनी उशांना नंबर घातलेत, त्या म्हणाल्या. काल मला तीन नंबरवर झोपू दिलं नाही. बोलता बोलता त्यांचा आवाज बदलला. "दिवसभर खिडकीत बसतात गं. सकाळी बसच्या वेळेला उठून उभे राहतात आणि परत बसतात."

रविवारी मी खडकीला त्यांच्या घरी गेले. सर बनियनवर होते, मला बघून आत जाऊन शर्ट घालून आले. काकूंनी चहा आणून ठेवला. मी तयारी करून गेले होते. विश्रांतवाडीच्या बाई पुढच्या दिवाळीलाही आपल्याकडेच राहणार आहेत, मालक कंस मोजायला तुमच्या जोडीला दुसरं माणूस ठेवतील, शब्द हा रागात दिला होता आणि रागातला शब्द धरायचा नसतो. सर एकेक मुद्द्याला एकेक बोट मिटत होते. संपल्यावर त्यांनी सगळी बोटं उघडली. म्हणजे एकही पटला नव्हता.

"तू ती चूक आपल्या अंगावर का घेतलीस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तुम्ही जाऊ नये म्हणून."

"मग तसं सांगायचं. त्यासाठी खोटं कशाला?"

"सांगितलं असतं तर राहिला असता?"

"मला काय माहीत," सर म्हणाले. "आजवर कोणी सांगितलेलं नाही. कारखान्यात निरोपाला घड्याळ दिलं. मालक म्हणाले कंपनीला गरज आहे. ही म्हणते घरात नको." त्यांनी कप खाली ठेवला. "आता सांग."

काकू दारात थांबल्या होत्या. मला फार अवघड झालं. आमच्याकडे असलं कोणी कोणाला बोलत नाही, पुण्यात तर नाहीच नाही. मी जमिनीकडे बघून म्हटलं, "सर, तुम्ही नका ना जाऊ. तुम्ही नसलात की मला करमत नाही."

प्रत्येक गोष्टीला उत्तर असलेला तो माणूस उठला आणि आत गेला. बराच वेळ कपाट उघडण्या-मिटण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा सरांच्या खांद्याला पिशवी होती आणि पायांत बूट होते, ऐन बैठकीच्या खोलीत, काकूंच्या पुसलेल्या फरशीवर.

"अहो," काकू म्हणाल्या, "आज रविवार आहे."

"माहीत आहे," सर म्हणाले, आणि बूट न काढता माझ्या शेजारी येऊन बसले.